क्रीससाचा वाटा

इसवी सनापूर्वी ५४६ च्या सुमारास सार्डिस ही राजधानी पडली आणि लिडियाचे राज्य इराणच्या सायरस बादशहाच्या अमलाखाली गेले, त्यानंतर थोड्याच काळाने पदच्युत राजा क्रीसस याचे काही वकील समुद्र ओलांडून ग्रीस देशातील डेल्फी या क्षेत्री दाखल झाले. याच राजाचे वकील याच क्षेत्री पूर्वी आले होते ते सोन्याच्या विटा आणि रुप्याचे रांजण घेऊन. या खेपेस त्यांच्यापाशी धन्याच्या अंगावरून उतरवलेल्या बेड्यांखेरीज दुसरे काही नव्हते. त्या बेड्या अपोलोच्या मंदिराच्या उंबऱ्यावर ठेवून, ज्याचा कौल घेऊन आमच्या राजाने तलवार उपसली त्या देवाला मोहिमेचे हे फळ पाहून लाज वाटते की नाही, आणि उपकार विसरणे हा ग्रीकांच्या देवांचा रिवाजच आहे काय, असा रोकडा सवाल त्यांनी केला. त्यावर पिथियेने, म्हणजे अपोलोच्या वतीने कौल देणाऱ्या तेथील स्त्रीने, जे उत्तर दिले ते, दैव म्हणजे काय याविषयी ग्रीक गद्यात शिल्लक राहिलेल्या विवेचनांपैकी अतिशय जुने आणि माझ्या मते अतिशय स्पष्ट असे आहे.

हे उत्तर आपणापर्यंत आले ते हेरोडोटसच्या इतिहासातून. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील हालिकार्नासस नगरात जन्मलेल्या या इतिहासकाराने ते त्या प्रसंगानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिले, आणि त्याला ते मिळाले ते उघडच डेल्फीच्या लोकांकडून, म्हणजे या खटल्यात ज्यांची अब्रू पणाला लागली होती अशा पक्षकाराकडून. तेव्हा त्यातला शब्द न् शब्द तसाच उच्चारला गेला असे मानण्याचे कारण नाही. परंतु पक्षकाराची कैफियत इतिहासाच्या अभ्यासकाला निरुपयोगी नसते. कैफियत रचणारा नेहमी असाच मुद्दा पुढे करतो की जो ऐकणाराला आधीपासून मान्य असतो. आणि म्हणून डेल्फीच्या पुजाऱ्यांनी आपल्या देवाच्या बचावासाठी जे तत्त्व पुढे केले ते त्या काळच्या सामान्य ग्रीकाच्या मनात खोल रुजलेले असले पाहिजे, असे अनुमान आपणांस निःशंकपणे करता येते.

त्या तत्त्वाचे नाव 'मोइरा'. मराठीत त्याला बहुधा 'नियती' म्हणतात. पण नियती या शब्दात आवरून धरण्याचा, नियमनाचा जो भाव आहे तो ग्रीक शब्दात मुळात नाही. 'मेइरोमाइ' म्हणजे वाट्यास घेणे, 'मेरोस' म्हणजे भाग, आणि 'मोइरा' म्हणजे वाटणीत आलेला हिस्सा, इतका हा साधा व्यवहारातला शब्द. होमरच्या महाकाव्यांत मेजवानीच्या वेळी पाहुण्यापुढे येणारे मांस ही मोइरा आहे. लढणाराला आणि मागे राहणाराला लुटीतला सारखाच हिस्सा मिळतो अशी आकिलीस तक्रार करतो तेव्हा तो हिस्सा ही मोइरा आहे. समुद्रकाठी रेटत नेलेल्या सैन्याजवळ उरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी आणि सरत चाललेल्या रात्रीचा उरलेला तिसरा भाग, यांनाही तोच शब्द आहे. आपल्याकडे वतनदारीच्या जुन्या कागदांत भाऊबंदांच्या वाटणीसंबंधी 'तक्सीम' हा जो शब्द वारंवार येतो, त्याच्या फार जवळचा हा शब्द आहे. तक्सीम ही कोणाची मेहेरबानी नसते आणि शिक्षाही नसते. ती ज्याची त्याची असते, तिची हद्द ठरलेली असते, आणि ती हद्द ओलांडणारा दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकत असतो. प्रत्येक माणसाच्या वाट्याला न चुकता येणारी एकच गोष्ट म्हणजे मरण, आणि म्हणून याच धातूपासून निघालेला 'मोरोस' हा शब्द, आणि पुष्कळदा खुद्द 'मोइरा' हा शब्दही, मृत्यूचाच वाचक होऊन बसला.

ही वाटणी माणसांपुरती नव्हती, हे 'इलियड'च्या पंधराव्या सर्गातील एका प्रसंगावरून फार चांगले ध्यानात येते. रणांगण सोडून निघून जावे असा झ्यूसचा हुकूम आयरिस ही दूती घेऊन येते, तेव्हा समुद्राचा अधिपती पोसायडन संतापून बोलतो की, आम्ही तिघे एका बापाचे लेक, चिठ्ठ्या टाकून आम्ही जगाची वाटणी केली, त्यात मला समुद्र मिळाला, हेडीसला अंधारलोक मिळाला आणि झ्यूसला आकाश मिळाले, पृथ्वी आणि ऑलिंपस पर्वत सामाईक राहिले. तेव्हा झ्यूस कितीही बलाढ्य असला तरी त्याने आपल्या तिसऱ्या हिश्शात स्वस्थ बसावे. येथे 'हिस्सा' या अर्थी कवीने जो शब्द योजला आहे तो मोइराच. देवांनाही वाटा आहे, आणि वाटा आहे म्हणून मर्यादाही आहे.

एकदा ही किल्ली हाती आली म्हणजे ग्रीकांच्या दैवविषयक शब्दांचे सगळे घराणेच ओळखीचे वाटू लागते. 'आइसा' हा होमरचा दुसरा शब्द, त्याचाही अर्थ वाटा. 'क्लेरोस' म्हणजे चिठ्ठी टाकण्याचा तुकडा, आणि चिठ्ठीने मिळालेली जमीनही. 'नेमेसिस' हा शब्द वाटून देणे या अर्थाच्या 'नेमेइन' या क्रियापदापासून आला. एखाद्याने आपल्या वाट्याहून अधिक बळकावले असता देवांच्या आणि माणसांच्या मनात जो न्याय्य क्षोभ उत्पन्न होतो तो नेमेसिस. 'दाइमोन' हा माणसाच्या पाठीशी असणाऱ्या दैवी शक्तीचा शब्दही बहुधा विभागणे या अर्थाच्या धातूपासूनच निघाला. आपल्या भाषेकडे वळले तर 'भाग' आणि 'भाग्य' यांचे नाते सांगावयास नको. ऋग्वेदात आदित्यांच्या मालिकेत भग आणि अंश अशा दोन देवता शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि त्या दोघांची नावे वाटणीचीच आहेत. मोइरा आणि भाग्य हे शब्द एका धातूचे नव्हेत. आपल्या 'भज्' धातूचा ग्रीक सोयरा 'फागेइन' हा आहे, आणि त्याचा अर्थ खाणे असा झाला. शब्द निरनिराळे असूनही दोन्ही समाजांना दैवाचे रूप वाटणीत दिसावे, ही गोष्ट मला उसनवारीच्या कोणत्याही पुराव्यापेक्षा अधिक मोलाची वाटते.

मग ही वाटणी मोडण्याचे सामर्थ्य कोणात होते काय? 'इलियड'च्या सोळाव्या सर्गात झ्यूसचा मर्त्य पुत्र, लिसियाचा राजा सार्पिडॉन, पॅट्रोक्लसच्या हातून मरणार हे दिसत असते, आणि बापाचे मन द्विधा होते. त्याला उचलून स्वदेशी नेऊन ठेवावे असे त्याच्या मनात येते. हेरा त्याला अडवते ती असे म्हणून नाही की हे तुला करता येणार नाही. ती म्हणते, कर, पण आम्हा बाकीच्या देवांची त्याला संमती मिळणार नाही, आणि उद्या प्रत्येक देव आपापल्या मुलाला असाच सोडवून न्यावयास धावेल. झ्यूस ऐकतो, पृथ्वीवर रक्ताचे थेंब वर्षतो आणि मुलाला मरू देतो. तसेच बाविसाव्या सर्गात हेक्टरचा काळ आला की नाही हे पाहण्यासाठी तो सोन्याचा तराजू उचलून दोन मरणे दोन पारड्यांत घालतो. तराजू त्याच्या हातात आहे, पण वजन त्याच्या हातचे नाही. याच काव्यात बाराव्या सर्गात आणखी एक तराजू आहे. पोरांच्या पोटासाठी सूत कातणारी एक गरीब, प्रामाणिक बाई एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात लोकर घालून दोन्ही समतोल होईपर्यंत काटा धरून उभी असते. दैवाच्या देवता सूत कातणाऱ्या का झाल्या, या प्रश्नाचे उत्तर मला या बाईत दिसते. तिच्या हाती वजन, वाटा आणि धागा हे तिन्ही एकत्र आले आहेत.

त्या देवतांना नावे मिळाली ती हेसिअडच्या काव्यात: कातणारी क्लोथो, चिठ्ठीने वाटा देणारी लाखेसिस, आणि जिला मागे वळवता येत नाही ती आत्रोपोस. हेसिअडने एकाच ग्रंथात त्यांची जन्मकथा दोन प्रकारे सांगितली आहे. एके ठिकाणी त्या रात्रीच्या मुली आहेत, म्हणजे झ्यूसच्या राज्यारोहणापूर्वीच्या आणि त्याच्या सत्तेबाहेरच्या. दुसऱ्या ठिकाणी त्या झ्यूस आणि न्यायदेवता थेमिस यांच्या मुली आहेत, म्हणजे त्याच्या दरबारच्या. पुष्कळ विद्वानांनी यातला एक भाग प्रक्षिप्त ठरवण्याचा खटाटोप केला. मला तो अनावश्यक वाटतो. कारण दैव देवांच्या वर की देवांच्या हाती, या प्रश्नावर ग्रीक मन शेवटपर्यंत असेच दोन्ही बाजूंना राहिले.

आता लिडियाकडे वळू. क्रीससाच्या पूर्वी चार पिढ्या, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आरंभी, गायजीस नावाच्या एका राजसेवकाने आपला धनी कॅन्डॉलीस याचा राणीच्या चिथावणीने खून करून गादी बळकावली. हा गायजीस काल्पनिक नव्हे; असुरबनिपाल या असिरियन सम्राटाच्या लेखांत 'गुगु' या नावाने त्याचा उल्लेख आहे. प्रजा बिथरली, तेव्हा दोन्ही पक्षांनी डेल्फीचा कौल मान्य करावा असे ठरले. कौल गायजीसच्या बाजूने पडला, परंतु त्याला एक पुरवणी होती: जुन्या राजघराण्याचा सूड गायजीसच्या पाचव्या वंशजावर उगवेल. हेरोडोटस म्हणतो की ती गोष्ट घडेपर्यंत लिडियन राजांनी किंवा त्यांच्या लोकांनी या पुरवणीची काहीच पर्वा केली नाही. गायजीसची गादी क्रमाने आर्डीस, सॅडियाटीस, आलियाटीस असे करीत पाचव्या पिढीत क्रीससाकडे आली.

क्रीससाचे वैभव ही नुसती दंतकथा नव्हती. सार्डिसमधून वाहणाऱ्या पॅक्टोलस ओढ्याच्या काठी १९६८ साली उत्खनकांना जे कारखाने सापडले, त्यांत नैसर्गिक मिश्र धातूतून सोने आणि रुपे वेगळे करण्याचे काम होत असे. शुद्ध सोन्याचे आणि शुद्ध रुप्याचे वेगवेगळे नाणे प्रथम पाडले ते याच राज्यात. अशा राजाकडे अथेन्सचा शास्ता सोलोन आला, त्याला खजिना दाखवण्यात आला, आणि जगात सर्वांत सुखी कोण असा प्रश्न विचारण्यात आला. सोलोनने स्वदेशासाठी लढून पडलेल्या टेलस नावाच्या एका साध्या नागरिकाचे नाव घेतले, आणि शेवट पाहिल्यावाचून कोणालाही सुखी म्हणू नये असे बजावले. सोलोनचा कारभार इसवी सनापूर्वी ५९४ चा आणि क्रीसस गादीवर आला ५६० च्या सुमारास, त्यामुळे ही भेट जुळत नाही अशी शंका प्राचीनांनीच काढली होती. पण हेरोडोटसला हवा होता तो त्या भेटीनंतरचा शब्द. सोलोन गेला, आणि आपण सर्वांत सुखी असे मानणाऱ्या क्रीससाला देवाकडून 'नेमेसिस'ने गाठले, असे तो लिहितो.

ती आली पुत्रशोकाच्या रूपाने. आपला लाडका मुलगा अतिस लोखंडी भाल्याने मरेल असे स्वप्न क्रीससाला पडले, आणि त्याने भिंतीवर टांगलेली शस्त्रेसुद्धा काढून कोठारात टाकली. मुलगा रानडुकराच्या शिकारीला जाण्याचा हट्ट धरून बसला, तेव्हा राजाने त्याच्या रक्षणास एक फ्रिजियन राजपुत्र सोबत दिला. या राजपुत्राच्या हातून पूर्वी चुकून भावाची हत्या झाली होती, आणि क्रीससाने त्याला आश्रय देऊन त्याचे पाप स्वहस्ते धुतले होते. रक्षक म्हणून नेमलेल्या याच राजपुत्राने डुकरावर फेकलेला भाला अतिसला लागला. त्याचे नाव अद्रास्तस, आणि त्या नावाचा ग्रीक अर्थ, ज्यापासून पळून सुटका नाही असा. क्रीससाने त्याला क्षमा केली, दोष तुझा नाही असे सांगितले. अद्रास्तसने मात्र लोक पांगल्यावर अतिसच्या थडग्यावरच प्राण दिला. ही दोन माणसे एकमेकांशी ज्या औदार्याने वागली आहेत त्यामुळे ही कथा वाचताना मन हेलावून जाते, आणि वाटणीचा कठोरपणा अधिकच जाणवतो.

पुढे दोन वर्षे शोकात गेली. सायरसचे वाढते सामर्थ्य पाहून क्रीसस सावध झाला आणि त्याने सात ठिकाणच्या कौलांची परीक्षा घेतली: सार्डिस सोडल्यापासून शंभराव्या दिवशी राजा काय करीत आहे, असे वकिलांनी विचारावे. त्या दिवशी त्याने कासव आणि कोकरू यांचे मांस पितळी झाकणाच्या पितळी हंड्यात शिजवले, आणि डेल्फीने ते बरोबर ओळखले असे सांगतात. मग नजराण्यांचा पाऊस पडला. सोन्याच्या ११७ विटा, त्यांतल्या चार शुद्ध सोन्याच्या आणि बाकीच्या फिक्या सोन्याच्या. सहाशे घागरी मावतील असा रुप्याचा रांजण. आणि शुद्ध सोन्याचा दहा टॅलंट वजनाचा सिंह. पुढे डेल्फीचे मंदिर जळाले तेव्हा हा सिंह विटांच्या चौथऱ्यावरून खाली कोसळला, साडेतीन टॅलंट सोने वितळून गेले, आणि हेरोडोटसच्या वेळी साडेसहा टॅलंटांचा तो सिंह कॉरिंथकरांच्या कोषगृहात ठेवलेला होता. मोबदल्यात डेल्फीकरांनी क्रीससाला आणि सर्व लिडियनांना कौलात अग्रमान, करमाफी आणि नागरिकत्व यांची कायमची सनद दिली. कौल मिळाला तो असा की, इराण्यांवर चालून गेल्यास एक मोठे राज्य बुडेल. राज्य किती काळ टिकेल या प्रश्नाला उत्तर आले की खेचर मीड लोकांचा राजा होईपर्यंत. खेचर राजा होणार कसे, म्हणून क्रीसस निर्धास्त झाला.

मोहिमेची हकीकत थोडक्यात सांगता येईल. हॅलिस नदी ओलांडून क्रीससाने टेरिया येथे अनिर्णित लढाई दिली, आणि हिवाळा आला म्हणून सैन्याला रजा देऊन तो परतला. सायरस मात्र थांबला नाही, पाठोपाठ सार्डिसपाशी आला. उंटांच्या वासाने लिडियनांचे नामांकित घोडदळ बुजले. किल्ल्याला वेढा पडला. चौदाव्या दिवसाच्या सुमारास हायरोइआडीस नावाच्या एका इराणी पक्षाच्या शिपायाने पाहिले की तटावरील एका पहारेकऱ्याचे शिरस्त्राण कड्यावरून घसरून खाली पडले, आणि तो कडा अवघड म्हणून जेथे पहारा नव्हता तेथूनच उतरून येऊन त्याने ते उचलून नेले. दुसऱ्या दिवशी हायरोइआडीस त्याच वाटेने वर चढला. सार्डिसच्या उत्खननात सुमारे वीस मीटर जाडीचा तट सापडला आहे, आणि त्याच्या ढिगाऱ्यात त्या लढाईत पडलेल्या एका तरुण माणसाचा सांगाडाही.

यानंतरच्या चितेच्या प्रसंगाविषयी साक्षी जुळत नाहीत. हेरोडोटसच्या मते सायरसने क्रीससाला चितेवर चढवले, तेथे त्याला सोलोनची आठवण झाली, आणि शेवटी अपोलोने पाऊस पाडून आग विझवली. कवी बॅकिलिडीस याने इसवी सनापूर्वी ४६८ मध्ये रचलेल्या स्तोत्रात क्रीसस गुलामगिरी टाळण्यासाठी स्वतःच चिता रचवतो, आणि अपोलो त्याला उचलून उत्तरेकडील पुण्यवान लोकांच्या देशी नेतो. या दोहोंपेक्षा जुना पुरावा म्हणजे मायसन या चित्रकाराने रंगवलेला, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेला एक कुंभ. त्यावर रचून ठेवलेल्या लाकडांवर, सिंहासनावर क्रीसस बसला आहे, एका हातात राजदंड आणि दुसऱ्या हातातील पात्रातून तो देवाला अर्घ्य देत आहे, खाली सेवक चिता पेटवण्याच्या कामात आहे. या राजाच्या चेहऱ्यावर तक्रार नाही. चित्रकाराच्या मनातला क्रीसस कैदी नव्हे, तो आपला वाटा स्वीकारणारा यजमान आहे.

आता ते उत्तर. पिथिया म्हणाली की, नेमून दिलेली मोइरा चुकवणे देवालाही शक्य नाही. क्रीससाने आपल्या पाचव्या पूर्वजाचे देणे फेडले. त्या पूर्वजाने बाईच्या कपटाला बळी पडून धन्याला मारले आणि जो मान आपला नव्हता तो घेतला. सार्डिसचा नाश क्रीससाच्या मुलांच्या वेळी व्हावा अशी अपोलोची फार इच्छा होती, पण मोइरांना वळवणे जमले नाही. त्यांनी जेवढे सोडले तेवढे त्याने मिळवले, आणि ते म्हणजे तीन वर्षे. सार्डिस ठरल्या वेळेपेक्षा तीन वर्षे उशिरा पडले, हे क्रीससाने जाणावे. शिवाय चितेवरून त्याला वाचवले तेही देवानेच. राहता राहिला कौल: कोणते राज्य बुडेल, त्याचे की सायरसचे, हे त्याने पुन्हा विचारावयास हवे होते, तो समजला नाही आणि त्याने विचारलेही नाही, म्हणून दोष त्याने स्वतःकडे घ्यावा. आणि खेचर म्हणजे सायरस, कारण त्याची आई मीड राजकन्या आणि बाप कमी प्रतिष्ठेचा इराणी. वकिलांनी हे सार्डिसला जाऊन सांगितले, आणि चूक आपली होती, देवाची नव्हे, असे क्रीससाने कबूल केले.

या उत्तराला पळवाट म्हणून हसण्याचा प्रघात आहे. तो मला मान्य नाही. त्यात दोन निरनिराळे हिशेब शेजारी शेजारी मांडले आहेत, आणि एकाने दुसरा खोडलेला नाही. राज्य जाणार होते हा पहिला. त्याचे कारण घराण्याच्या माथ्यावरील जुने कर्ज. ते कसे गेले हा दुसरा. त्याचे कारण क्रीससाचा उतावळेपणा, आणि त्याची जबाबदारी पुरती त्याची. आपल्या प्रारब्धाच्या कल्पनेशी याची तुलना केली असता एक मोठा फरक दिसतो. प्रारब्धात जीव आपल्याच पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ भोगतो. क्रीसस भोगतो ते खापरपणजोबाकडून आलेले, घराण्याबरोबर वारशाने आलेले देणे. ज्याने गादी घेतली त्याने गादीवरचा बोजाही घेतला. आणि या दोन हिशेबांच्या मध्ये देवाला जी जागा आहे ती तीन वर्षांची आहे, रदबदलीची आहे. अॅडमीटस या राजाचे मरण टाळण्यासाठी याच अपोलोने मोइरांना मद्य पाजून गुंगवले, अशी एक जुनी कथा एस्किलसच्या नाटकात मोइरांच्याच पक्षाच्या देवता त्याच्या तोंडावर फेकतात. पण तेथेही एका जिवाऐवजी दुसरा जीव द्यावाच लागला. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी डेल्फीला गेला तेव्हा त्याला मंदिरात मोइरांच्या दोनच मूर्ती दिसल्या. तिसरीच्या जागी झ्यूस आणि अपोलो उभे होते, आणि दोघांचीही बिरुदे 'मोइरांचा नायक' अशी होती. रदबदली करणारा देव दरम्यानच्या काळात त्यांचा म्होरक्या झाला होता.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अथेन्समधील चित्रांकित ओसरीत झेनोने आपला स्टोइक संप्रदाय स्थापला, तेव्हा त्याच धातूचे एक भूतकालवाचक रूप, 'हेइमारमेने', म्हणजे वाट्याला आलेली, हे तत्त्वज्ञांच्या तोंडी रूढ झाले. स्टोइकांनी मात्र त्याचा संबंध 'हेइरमोस' म्हणजे साखळी या शब्दाशी लावला. ही व्युत्पत्ती चुकीची आहे, पण तिने विचाराची दिशा बदलली. वाट्याला सीमा असते आणि सीमेच्या आत मोकळी जागा असते; साखळीला कडीमागून कडी असते, मोकळी जागा नसते. मग आजाऱ्याने वैद्य तरी कशाला बोलवावा, हा आक्षेप आलाच, आणि त्याला खुद्द ग्रीकांनी 'आळशी युक्तिवाद' असे नाव दिले. स्टोइक क्रिसिपसने उत्तर दिले की बरे होणे लिहिले असेल तर वैद्य बोलावणेही त्याबरोबरच लिहिलेले आहे. आणि उतारावर ढकललेला रूळ ढकलणाऱ्यामुळे हलू लागतो हे खरे, पण तो घरंगळतो तो आपल्या गोलाईमुळे. या वादाचा बराचसा भाग आपल्याला कळतो तो सिसेरोने, सीझरच्या वधानंतर इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिलेल्या दैवविषयक ग्रंथामुळे. तोवर विषय लॅटिन भाषेत गेला होता, आणि तेथे शब्द होता 'फातुम', म्हणजे उच्चारले गेलेले. रोमन माणसाला दैव हे वाटणीपत्र न वाटता फर्मान वाटत होते.

अलेक्झांडरनंतर राज्ये वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखी उडू लागली त्या काळात मोइरेपेक्षा 'त्युखे', म्हणजे अकल्पितपणे गाठणारी दैवगती, हिची पूजा अधिक वाढली. अँटिओक शहरात तटबंदीचा मुकुट घातलेली तिची मूर्ती युटिकिडीसने घडवली, आणि ती देवता पूर्वेकडे सरकत गांधार-पंजाबातील यवन, म्हणजे ग्रीक, राजा हिप्पोस्त्रातोस याच्या नाण्यांवर येऊन बसली.

यवनांबरोबर आणखी एक विद्या आली. बाबिलोनी खगोलवेध आणि ग्रीक दैवकल्पना यांच्या संयोगाने अलेक्झांड्रियेत तयार झालेले फलज्योतिष, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, ज्या काळात यवन दाते कार्ल्याच्या आणि जुन्नरच्या लेण्यांत आपली नावे कोरवीत होते त्याच काळाच्या आसपास, पश्चिम भारतात रुजले. 'यवनजातक' हा त्याचा संस्कृत ग्रंथ. पत्रिका मांडताना आपण आजही म्हणतो तो 'होरा' शब्द ग्रीक आहे, 'केंद्र' ग्रीक आहे. वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त मेषाला क्रिय, वृषभाला तावुरि, सिंहाला लेय, सूर्याला हेलि अशी ग्रीक नावे संस्कृत विभक्त्या लावून बसली आहेत, आणि यवनांना ऋषींप्रमाणे मान द्यावा असे त्याचे मत आहे. याच गणितात वर्तुळाचे ३६० भाग पाडतात. ग्रीक ग्रंथांत ते प्रथम आढळतात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील हिप्सिक्लीसकडे; त्याने त्यातल्या प्रत्येक भागाला नाव दिले 'मोइरा', आणि संस्कृत ज्योतिर्गणितात त्यालाच 'अंश' किंवा 'भाग' म्हणतात. आधुनिक ग्रीक भाषेत या शब्दाचा उच्चार 'मीरा' असा झाला आहे, आणि माणसाचे दैव व कोनाचा अंश या दोन्ही अर्थांनी तो आजही रोजच्या वापरात आहे.